इंदूरहून एका दिवसात बाघच्या गुंफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी वस्त्यांतून, विशेषतः लोकमान्य नगर आणि सुदामा नगर भागांतून, दर हिवाळ्यात आमच्याकडे धार जिल्ह्यातल्या बाघच्या प्राचीन बौद्ध गुंफांच्या सहलीविषयी विचारणा होते आणि त्यांतले बरेचसे प्रश्न तेच ते असतात. ते येथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फारच घाई असेल, तर निदान प्रश्न ६ आणि ७ वाचल्याशिवाय निघू नये.

१. या गुंफा जमिनीखाली आहेत का? खाली उतरावे लागते का?

नाही. बाघच्या गुंफा विंध्याच्या दक्षिण उतारावर, बाघिनी नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आडव्या कोरलेल्या आहेत. त्यामुळे येथे पायऱ्या चढून जायचे असते, उतरून नव्हे. आत शिरल्यावर मात्र भुयारात आल्यासारखे वाटते, कारण डोक्यावर सगळा डोंगर असतो, उजेड केवळ समोरच्या दारा-खिडक्यांतून येतो आणि मागच्या खोल्यांपर्यंत तो पोहोचत नाही. पाय ठेवताक्षणी हवा गार लागते. खरोखर खाली उतरून जाण्याची गुंफा हवी असेल, तर प्रश्न १९ पाहावा.

२. गुंफा म्हणावे की लेणी?

महाराष्ट्रातून आलेले पाहुणे लेणी म्हणतात, आपण येथे हिंदीच्या सहवासाने गुंफा म्हणतो. अर्थाने पाहता लेणी हाच शब्द नेमका आहे, कारण यांतली एकही जागा निसर्गाने केलेली नाही. प्रत्येक भिंत, प्रत्येक खांब छिन्नीने मोकळा केलेला आहे. तरीही येथे गुंफा हाच शब्द ठेवला आहे, कारण रस्त्यावरच्या पाट्यांवर तोच दिसेल आणि वाट विचारताना तोच उपयोगी पडेल.

३. अंतर किती आणि केव्हा निघावे?

इंदूरहून धार आणि टांडामार्गे सुमारे दीडशे किलोमीटर अंतर आहे. धारपर्यंतचा रस्ता चांगला आणि ओळखीचा आहे, त्यानंतर मात्र घाट, वळणे आणि गावांतली गर्दी यांमुळे वेग कमी होतो. चहापाण्याचे थांबे धरून साडेतीन ते चार तास लागतात. गुंफा बाघ गावात नसून गावापासून सुमारे सात किलोमीटरवर आहेत, हेही हिशेबात धरावे.

सकाळी सहाला घर सोडले, तर दहाच्या सुमारास पोहोचता येते आणि दुपारी तीनपर्यंत परतीला लागता येते. याहून उशिरा निघू नये असे आम्ही आग्रहाने सांगतो. एकदा डिसेंबरात आमचा एक गट वाटेत रेंगाळत साडेचारला पोहोचला. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दुसऱ्या क्रमांकाची गुंफा पाहून होईपर्यंत बाहेर सावल्या लांबल्या होत्या आणि ज्या रंगमहालासाठी (चौथी गुंफा, प्रश्न ६ पाहावा) सगळे आले होते, त्याला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. शिवाय अंधारात घाटातून परतावे लागले ते वेगळेच.

४. स्वतःची गाडी नसेल तर?

बाघला रेल्वे नाही. गंगवाल बस स्थानकावरून धारच्या गाड्या मिळतात, पुढे कुक्षीच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने बाघ गाव गाठायचे आणि गावातून गुंफांपर्यंत स्थानिक वाहन ठरवायचे. मात्र तीन टप्पे जुळवून, गुंफा सावकाश पाहून, त्याच दिवशी इंदूरला परतणे फार दगदगीचे होते. चौघे-पाचजण मिळून भाड्याची गाडी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. गाडी ठरवताना ‘बाघ’ एवढेच सांगू नये, ‘बाघ गुंफा, कुक्षी तहसील, जिल्हा धार’ असे सांगावे. इंधन धारलाच भरून घ्यावे आणि नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावा.

५. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलपासून या भागात ऊन असह्य होते. गुंफेत गारवा असला, तरी पायऱ्यांवर आणि प्रवासात त्याचा उपयोग नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि नदी वाहती असते, म्हणून पुष्कळांना ऑगस्टमध्ये जावेसे वाटते. ते दिवस सुंदर असतात हे खरे, पण छतातून पाणी झिरपते, फरशी निसरडी होते आणि घाटात दरडीची काळजी असते. तरुणांनी सुकी उघडीप पाहून जायला हरकत नाही. वयस्कर माणसे बरोबर असतील, तर पावसाळा टाळावाच. होळीच्या आधीच्या आठवड्याविषयी प्रश्न १८ पाहावा.

६. आत नेमके काय पाहायचे आणि किती वेळ लागतो?

मूळच्या नऊ गुंफांपैकी आज पाच उरल्या आहेत, बाकीच्या ढासळल्या. कुठेही न थांबता चालत गेले, तर तासाभरात सगळे पाहून होते, आणि अनेकजण तसेच करून ‘फारसे काही नाही’ म्हणत परततात. आमचा अनुभव असा की अडीच तास ठेवले, तरच हे ठिकाण उलगडते.

सगळ्या गुंफा बौद्ध विहार आहेत, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने. त्यांचा काळ साधारणपणे पाचवे-सहावे शतक मानला जातो. दुसऱ्या क्रमांकाच्या गुंफेपासून सुरुवात करावी, कारण विहाराची रचना तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. मध्यभागी चौरस सभामंडप, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या लहान खोल्या, मागे एक अंतराळ (म्हणजे गाभाऱ्यापुढची लहान खोली) आणि त्यामागच्या गाभाऱ्यात डोंगराच्याच दगडातून कोरलेला स्तूप. अंतराळाच्या भिंतींवर दोन सेवकांसह उभ्या बुद्धाच्या मूर्ती आहेत. त्यांचे चेहरे झिजले आहेत, परंतु वस्त्राची पातळ चुण आणि उभे राहण्यातला सैलपणा अजून जाणवतो.

येथे एक प्रयोग आवर्जून करावा. कुठल्याही एका कोठडीत जाऊन टॉर्चचा झोत भिंतीवर समोरून न टाकता, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा टाकावा. सपाट वाटणारी भिंत एकदम छिन्नीच्या घावांनी भरून जाते. वरून खाली, तिरक्या ओळींत, बोटभर अंतराने घाव पडलेले आहेत, आणि कोपऱ्याशी आल्यावर त्या ओळी दिशा बदलतात, कारण तेथे कारागिराला वळून बसावे लागले असणार. पंधराशे वर्षांपूर्वी काम करणाऱ्या एका माणसाच्या हाताची लय इतक्या जवळून पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या मते त्या एका भिंतीसाठीसुद्धा हा प्रवास करावा.

सभामंडपाच्या मधोमध जे जादा खांब दिसतात ते शोभेचे नाहीत. येथला दगड ठिसूळ वालुकाश्म असून त्यावर मऊ मातकट दगडाचा थर आहे, आणि तो पाणी धरतो. छत तोलून धरण्यासाठी कोरणाऱ्यांनीच मध्ये अधिक आधार ठेवले. जे खांब पुढच्या काळात कोसळले, त्यांच्या जागी पुरातत्त्व खात्याने नवे भक्कम आधार उभे केले आहेत. नवे कोणते आणि जुने कोणते हे सहज ओळखू येते, आणि ते तसे ओळखू येणेच योग्य आहे.

तिसरी गुंफा ‘हाथीखाना’, चौथी ‘रंगमहाल’ आणि पाचवी ‘पाठशाला’ या नावांनी ओळखली जाते. ही नावे अर्थात नंतरच्या लोकांनी दिलेली आहेत. चौथ्या आणि पाचव्या गुंफेला मिळून पूर्वी सुमारे २२० फूट लांबीचा सलग व्हरांडा होता आणि त्याच्या मागच्या भिंतीवर बाघची सर्वांत प्रसिद्ध चित्रे होती. व्हरांड्याचे छत आणि खांब आज नाहीत. उघड्यावर उभे राहून ती लांबलचक भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहावी, म्हणजे त्या चित्रांचा पसारा केवढा असेल याचा अंदाज येतो.

७. चित्रे दिसतात का? त्यांच्यासाठीच आम्ही येणार आहोत.

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. प्रसिद्ध चित्रे आता गुंफांत नाहीत. १९८२ साली बहुतेक चित्रे गिलाव्यासह भिंतीवरून काळजीपूर्वक उतरवण्यात आली आणि ती ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील पुरातत्त्व संग्रहालयात ठेवली आहेत. बाघला छतावर आणि खांबांवर कुठे कुठे नक्षीचे आणि रंगाचे पुसट अवशेष दिसतात, तेही डोळे अंधाराला सरावल्यावर.

आम्ही हे आधीच सांगतो, कारण न सांगितल्यामुळे झालेली निराशा पाहिली आहे. आमच्या गटातल्या एक काकू, स्वतः उत्तम चित्र काढणाऱ्या, वर्षानुवर्षे पुस्तकांतली छायाचित्रे पाहून आल्या होत्या. रंगमहालाच्या भिंतीसमोर त्या बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, “मला आधी कुणी सांगायला हवं होतं.” पुढच्या वर्षी त्या ग्वाल्हेरला जाऊन आल्या आणि त्यानंतर पुन्हा आमच्याबरोबर बाघला आल्या. दुसऱ्या खेपेला त्यांना भिंतीवर कोणते चित्र कुठे होते, हे इतरांना दाखवता आले.

म्हणून चित्रांविषयी थोडी माहिती घेऊन जावे. एका प्रसंगात एक स्त्री चेहरा झाकून रडते आहे आणि शेजारी बसलेली तिची सोबतीण तिचे सांत्वन करते आहे. दुसऱ्या एका प्रसंगात हातांत टिपऱ्या घेतलेल्या स्त्रिया मध्ये उभ्या असलेल्या नर्तकाभोवती फेर धरतात, त्या नृत्याला अभ्यासक हल्लीसक म्हणतात. पुढे हत्ती आणि घोडे यांची मिरवणूक आहे. रंग ओल्या गिलाव्यावर दिलेले नसून, मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर लावलेले आहेत. या प्रकारच्या कामात ओल शिरली की गिलावा भिंतीपासून सुटू लागतो. या गुंफांत राहून गेलेल्यांच्या चुलींचा धूर आणि डोंगरातून झिरपणारे पाणी या दोघांनी मिळून जे केले, ते हेच.

८. चित्रे ग्वाल्हेरलाच का नेली? इंदूर किंवा धार जवळ नव्हते का?

याचे मूळ संस्थानी काळात आहे. बाघचा परिसर अमझेरा संस्थानात होता. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी देण्यात आले. फाशीच्या त्या जागी आज एम. वाय. रुग्णालयाचा परिसर आहे. त्यानंतर अमझेरा शिंद्यांच्या ताब्यात गेले. त्यामुळे धार आणि इंदूर इतकी जवळ असूनही बाघच्या गुंफांची जबाबदारी दूरच्या ग्वाल्हेर संस्थानाकडे आली.

संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने ती जबाबदारी मनापासून पार पाडली, आणि त्या खात्याचे प्रमुख एम. बी. गर्दे हे मराठी गृहस्थ होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. गुंफांतला ढिगारा उपसणे आणि चित्रांची नोंद करणे ही कामे त्यांच्या काळात झाली. १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्यासारख्या चित्रकारांनी येथे येऊन भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. तेव्हा जे दिसत होते, त्यातले काही पुढे नष्ट झाले, त्यामुळे त्या प्रतिकृतींनाच आज मूळ पुराव्याचे मोल आहे.

चित्रे परत आणावीत का, असेही विचारले जाते. ज्या ओलीमुळे ती उतरवावी लागली, ती ओल अजून तेथेच आहे. आम्हाला वाटते की चित्रे ग्वाल्हेरला असणे ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट असली, तरी ती उरली आहेत ती त्यामुळेच.

९. पांडव येथे राहिले होते का?

दुसऱ्या गुंफेला पांडवांची गुंफा म्हणतात आणि आजूबाजूच्या गावांत तशी श्रद्धा आहे. आपल्याकडे मध्य भारतात आणि महाराष्ट्रातही अनेक प्राचीन लेण्यांना पांडवांचे नाव मिळालेले आहे. बुद्धमूर्तींची ओळख विसरली गेल्यावर लोकांनी आपल्या ओळखीच्या वीरांचे नाव त्यांना दिले. गावकऱ्यांशी बोलताना या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही, मुलांना मात्र स्तूप आणि विहार म्हणजे काय ते समजावून सांगावे.

येथे बौद्ध भिक्षू राहत होते याचा लेखी पुरावा याच गुंफेत सापडला. १९२९ साली ढिगारा काढताना माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट मिळाला. त्यात या विहाराला एक गाव दान दिल्याचा उल्लेख असून, त्या उत्पन्नातून बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप, फुले, भिक्षूंचे अन्नवस्त्र आणि विहाराच्या मोडक्या भागांची डागडुजी यांची सोय करायची होती. डागडुजीची तरतूद त्या काळीच केलेली होती, हे वाचल्यावर तेथले नवे आधार आणि सिमेंटचे टेकू पाहून मन खट्टू होत नाही.

१०. मोबाइलचा टॉर्च चालेल का? छायाचित्रे काढता येतात का?

मोबाइलचा उजेड पसरट असतो. तो पाय पाहण्यापुरता पुरतो, भिंत पाहण्यासाठी नाही. प्रत्येक तीन-चार माणसांमागे एक हातातला टॉर्च असावा आणि त्याचा झोत अरुंद करता येणारा असावा. आत शिरताच टॉर्च लावू नये. दोन मिनिटे अंधारात उभे राहावे, मग पुष्कळ काही विनाप्रकाश दिसू लागते.

स्वतःच्या आठवणीसाठी छायाचित्रे काढता येतात. तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. जेथे रंगाचा लवलेशही आहे, तेथे फ्लॅश वापरू नये आणि टॉर्चही क्षणभरच टाकावा. भिंतींना हात लावू नये, कारण हाताचा घाम आणि तेल या दगडाला सोसत नाही.

११. आईचे गुडघे दुखतात. तिला जमेल का?

पायऱ्या चढाव्या लागतात, पण मध्ये थांबत गेले तर बहुतेकांना जमते. अडचण खरी येते ती आत, कारण जमीन ठिकठिकाणी उंचसखल आहे आणि उंबऱ्यांची उंची अंधारात समजत नाही. काठी असावी, मागे-पुढे एकेक माणूस असावा आणि पायांत घट्ट बसणारे बूट असावेत. चपला नकोत. पाचही गुंफा पाहण्याचा हट्ट न धरता दुसरी आणि चौथी एवढ्याच दाखवल्या तरी चालते. चाकांची खुर्ची असलेल्यांनी मात्र हे ठिकाण निवडू नये.

१२. दमा असलेल्यांनी किंवा बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी जावे का?

सभामंडप उंच आणि प्रशस्त आहेत, समोरून हवा येत राहते, त्यामुळे कोंडल्यासारखे वाटण्याचे प्रसंग थोडे. मागच्या कोठड्या मात्र अंधाऱ्या आहेत आणि त्यांत वटवाघळांचा उग्र वास येतो. दमा असलेल्यांनी नाकातोंडावर मास्क बांधावा, स्प्रे खिशात ठेवावा आणि कोठड्यांत शिरू नये. वटवाघळांवर झोत टाकून त्यांना उडवू नये, घाबरलेली वटवाघळे आणि उडालेली धूळ यांचा त्रास आपल्यालाच होतो.

१३. मुले कंटाळतील का?

आठ वर्षांखालची मुले अर्ध्या तासात कंटाळतात, हे मान्य करावे. त्याहून मोठ्या मुलांना काम द्यावे, जसे खांब मोजणे, कोठड्या मोजून कागदावर नकाशा काढणे, किंवा प्रश्न ६ मध्ये सांगितलेले छिन्नीचे घाव शोधणे. नकाशा काढलेल्या मुलांना ते ठिकाण वर्षानंतरही आठवते असा आमचा अनुभव आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना केंद्रीय संरक्षित स्मारकांत तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा जवळ असावा.

१४. जेवणाची सोय काय?

शिदोरी घरून न्यावी. दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेव आणि भरपूर पाणी असे सुटसुटीत नेले की झाले. सकाळी निघताना इंदुरात पोहे खाऊन निघता येते. जेवण गुंफेत किंवा पायऱ्यांवर न करता खाली सावलीत करावे आणि कचरा पिशवीत भरून परत आणावा. स्वच्छतागृहासाठी धारला थांबणे सोयीचे पडते. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत.

१५. अजिंठा पाहिलेले आहे. मग बाघला कशासाठी जावे?

तुलना टाळता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या चित्रांचा काळ आणि शैली जवळची आहे. अजिंठ्याचा दगड कठीण काळा कातळ आहे, म्हणून तेथे एवढे टिकले. बाघचा दगड मऊ आहे, म्हणून येथे गेले. अजिंठ्याला चैत्यगृहे (म्हणजे पूजेची दालने) आणि विहार वेगळे आहेत आणि नंतरच्या विहारांच्या गाभाऱ्यात बुद्धाची मूर्ती असते. बाघला स्वतंत्र चैत्यगृह नाही, विहाराच्या गाभाऱ्यातच स्तूप आहे. म्हणजे भिक्षू ज्या छताखाली झोपत, त्याच छताखाली पूजा करीत.

ज्याला रंग पाहायचे आहेत, त्याने अजिंठ्याला आणि ग्वाल्हेरला जावे. ज्याला डोंगर, पाणी आणि माणूस यांची पंधराशे वर्षांची ओढाताण पाहायची आहे, त्याने बाघला यावे. गर्दी नसते, मागून कोणी ‘पुढे चला’ म्हणत नाही, आणि एका कोठडीत दहा मिनिटे शांत बसता येते. अजिंठ्याला हे सुख आता क्वचितच मिळते.

१६. त्याच दिवशी मांडूही होईल का?

नाही. नकाशावर दोन्ही ठिकाणे धार जिल्ह्यात दिसतात, म्हणून हा मोह होतो. मांडूलाच एक पूर्ण दिवस अपुरा पडतो. दोन्ही पाहायचे असेल, तर मांडूला एक रात्र मुक्काम करावा.

१७. बाघ प्रिंटची कापडे आणि डायनासोरचे अवशेष पाहता येतील का?

कापडांसाठी वेळ काढावाच. बाघ गावात खत्री कुटुंबे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ठशांच्या छपाईचे काम करतात आणि या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तांबड्या रंगासाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ, काळ्यासाठी लोखंडाचा कीस आणि गूळ आंबवून केलेले पाणी वापरतात. छापल्यावर कापड वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावडीच्या फुलांबरोबर उकळतात, तेव्हा फिका ठसा हळूहळू लालबुंद होतो. ते उकळणे पाहायला मिळाले तर भाग्य समजावे. खरेदी करताना कारागिराशी घासाघीस करू नये, एका साडीमागे किती दिवसांचे काम असते हे तेथे उभे राहिले की कळते.

बाघ परिसर जीवाश्मांसाठीही नावाजलेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्मदा खोऱ्याच्या या भागातून डायनासोरच्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद झाली. मात्र गुंफा, छपाई आणि जीवाश्म असे तिन्ही एका दिवसात बसवू नये. शेतात किंवा ओढ्यात गोल दगड दिसला, तर तो उचलून घरी आणू नये.

१८. होळीच्या सुमारास जाणे चांगले का?

होळीच्या आधीच्या आठवड्यात धार, झाबुआ, अलीराजपूर आणि बडवानी भागांत भगोरियाचे बाजार भरतात. भिल्ल आणि भिलाला समाजांचा हा वर्षाचा मोठा सण असतो. मांदळाचा आवाज दुरून ऐकू येतो, रस्ते माणसांनी फुलून जातात आणि गाडीला दुप्पट वेळ लागतो. गुंफा हाच हेतू असेल, तर हा आठवडा टाळावा. भगोरिया पाहायला जायचे असेल, तर गुंफा दुसऱ्या दिवसावर ठेवून पाहुण्याच्या मर्यादेने जावे आणि विचारल्याशिवाय कोणाची, विशेषतः मुलींची, छायाचित्रे काढू नयेत.

१९. एवढा प्रवास नको. जवळ, खरोखर खाली उतरण्याची गुंफा आहे का?

उज्जैनला शिप्रेच्या काठी, गढकालिकेच्या देवळाजवळ भर्तृहरी गुंफा आहे. इंदूर-उज्जैन अंतर सुमारे ५५ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. श्रावणात नवनाथांची पोथी वाचणाऱ्या घरांना भर्तरीनाथांची ओळख वेगळी करून द्यायला नको, आणि शाळेत भर्तृहरीच्या नीतिशतकाची वामन पंडितांनी मराठीत आणलेली वचने पाठ केलेल्यांनाही नाही. हे नाथ संप्रदायाचे जिवंत स्थान आहे, धुनी आहे, त्यामुळे येथे स्मारकाचे नव्हे तर देवस्थानाचे नियम पाळायचे. पादत्राणे बाहेर ठेवावीत.

अडचणींच्या बाबतीत मात्र ही गुंफा बाघच्या नेमकी उलट आहे. दार अरुंद, पायऱ्या खाली उतरणाऱ्या, छत एवढे खाली की उंच माणसाला वाकूनच राहावे लागते, आणि गर्दी झाली की हवा जड होते. प्रश्न १२ मध्ये बाघसाठी दिलेली सवलत येथे लागू नाही. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी वरूनच नमस्कार करावा. सणाच्या दिवशी आणि शिप्रेला पूर असताना जाऊ नये.

२०. आम्ही ग्वाल्हेरचे आहोत. आधी संग्रहालय पाहावे की आधी बाघ?

आधी गुजरी महाल. तेथे चित्रे आणि प्रतिकृती पाहून रडणाऱ्या स्त्रीची, फेराची आणि मिरवणुकीची जागा मनात पक्की करावी, जमल्यास वहीत क्रमाने टिपून घ्यावी. मग इंदूरपर्यंत रात्रीचा रेल्वेप्रवास, एक दिवस विश्रांती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बाघ. संग्रहालय सोमवारी बंद असते, त्याप्रमाणे तिकिटे काढावीत. इंदूरच्या मंडळींनी उलट क्रमाने गेले तरी चालते, परंतु प्रश्न ७ मधल्या काकूंप्रमाणे त्यांना बाघला पुन्हा यावे लागण्याची शक्यता आहे. ती वही बरोबर आणल्यास रंगमहालाच्या भिंतीपाशी इतरांनाही दाखवावी.